शांततेचे वाचन : लॉडनच्या काठी

शांत प्रदेशाविषयी लिहिताना आपली प्रवासवर्णने बहुधा एकाच सुरात बोलतात. शहरी कोलाहलातून सुटका, नदीचा संथ प्रवाह, साधी माणसे आणि शेवटी एक सुस्कारा. हा सूर खोटा असतो असे आम्ही म्हणणार नाही. तो अपुरा असतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, लॉडन नदीच्या काठी काही दिवस काढल्यावर हे अपुरेपण आम्हांला प्रकर्षाने जाणवले.

व्हॉन, गिल्डफर्ड आणि न्यूस्टेड ही या काठावरची छोटी गावे. व्हॉनला नैसर्गिक वायुयुक्त खनिज पाण्याचे झरे आहेत. हातपंप मारून ते पाणी प्यावे आणि झाडाखाली बसून राहावे, याखेरीज तेथे फारसे काही करायचे नसते. नदीकाठी निलगिरीच्या कुळातील ‘रेड गम’ वृक्ष उभे आहेत. गिल्डफर्डचा अशा जातीचा एक प्रचंड वृक्ष तर गावाची ओळखच झाला आहे. दुपारी पाखरांखेरीज आवाज नाही. या ओढीला आम्हीही वश झालो, हे आधीच कबूल केलेले बरे.

परंतु ही शांतता अनादी नाही. 1851 साली जवळच्या कॅसलमेन परिसरात सोने सापडले आणि पाहता पाहता हजारो माणसे या खोऱ्यात उतरली. त्याच वर्षी 15 डिसेंबरला चूटन येथे परवाना शुल्काच्या वाढीविरुद्ध खाणकऱ्यांची प्रचंड सभा भरली. गिल्डफर्डला चिनी खाणकऱ्यांची मोठी वस्ती होती. त्यांचे येणे रोखण्यासाठी 1855 साली वसाहतीच्या सरकारने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लादला. आज त्या वस्तीचा गजबजाट कोठेही ऐकू येत नाही. व्हॉनजवळच्या छोट्या चिनी स्मशानभूमीतील थडगी तेवढी उरली आहेत.

नदीचेही तसेच. माती धुऊन सोने वेगळे करायचे, तर उरलेला गाळ कोठेतरी सोडावा लागतो. तो नदीनाल्यांत सोडला गेला. सुझन लॉरेन्स आणि पीटर डेव्हिस यांनी 2019 साली व्हिक्टोरियातील या गाळाच्या आपत्तीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. आसपासचे जंगलही असेच वाचावे लागते. येथील अनेक झाडांना एकाच बुंध्यापासून तीन-चार खोडे फुटलेली दिसतात. पाहणाऱ्याला ती डौलदार वाटतात. वस्तुतः खाणींच्या आधारासाठी आणि सरपणासाठी मूळ वृक्ष तोडले गेले, त्यांच्या खोडक्यांना फुटलेले हे धुमारे आहेत. ज्याला आपण रान म्हणतो ती एका तोडीची नोंद आहे.

या सर्वांच्याही आधी ही भूमी जाजा वुरुंग लोकांची होती आणि आजही ते तिच्याशी आपले नाते सांगतात. खाणकामाने खालीवर झालेल्या या प्रदेशाला ते ‘उलटी झालेली भूमी’ म्हणतात. 2013 साली राज्य सरकारशी झालेल्या करारात त्यांना या भूमीचे पारंपरिक धनी म्हणून मान्यता मिळाली. कॅसलमेनच्या परिसरातील जुन्या खाणभूमीचे 2002 पासून वारसा उद्यान झाले आहे. जतन कशाचे करायचे, रानाचे की जखमेचे, हा प्रश्न तेथे वेगळा विचारावाच लागत नाही. दोन्ही एकच आहेत.

यावर असा आक्षेप येईल की, इतका इतिहास डोक्यात ठेवला तर आस्वाद घ्यायचा केव्हा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाने प्रत्येक झाडापाशी शोकसभा भरवावी, अशी आमची अपेक्षा नाही. पण आमचा अनुभव उलट आहे. ती अनेक खोडांची झाडे कशी झाली हे कळल्यावर ती आम्हांला कमी सुंदर दिसली नाहीत. ओरबाडले गेल्यावरही पुन्हा उगवून येण्याची एक चिवट रीत त्यांच्यात दिसू लागली. अज्ञानावर उभा असलेला आस्वाद पहिल्याच माहितीने कोसळतो. ज्ञान पचवून उरतो तोच टिकतो.

हा प्रश्न केवळ त्या दूरच्या नदीचा नाही. मुळशीच्या जलाशयाकाठी आपणही शांतता शोधायला जातो. त्या पाण्यासाठी गावे गेली, 1921 साली तेथे सत्याग्रह झाला, हे मात्र काठावर बसलेल्या किती जणांना आठवते? वर्गात निसर्गवर्णन शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे प्रतिमा, उपमा आणि नादमाधुर्य यांवर टिपणे दिली. ‘येथे शांतता का आहे, आणि ती होण्यापूर्वी येथे कोण बोलत होते?’ हा प्रश्न क्वचितच विचारला. ही चूक आमची आहे.

असो. लॉडनच्या काठी जरूर जावे, झाडाखाली बसावे, पाणी प्यावे. मात्र उठण्यापूर्वी त्या झाडाची खोडे मोजावीत.