आकड्यावर काट कुणी मारली?

गोदीत पेट्या येतात. पेटीवर छत्री काढलेली – भिजवू नका. पेला – फुटेल, जपून. दोन बाण – ही बाजू वर. आणि आमचा उचलायचा लोखंडी आकडा, त्यावर काट – आकडा मारू नका. आमच्या टोळीतला म्हातारा हमाल अंगठाबहाद्दर. पण ही चार चित्रं तो धडाधड वाचतो. जगातल्या कुठल्याही बंदरातला हमाल वाचतो.

मला प्रश्न पडतो, ही चित्रं काढणाऱ्यानं कधी आकडा हातात धरला होता का?

ह्या विद्येला व्हिज्युअल कम्युनिकेशन म्हणतात. पाटी, नकाशा, फॉर्म, पुस्तक, अक्षर, मोबाइलचा पडदा – बघणाऱ्याला कळेल असं घडवायची विद्या. पवईच्या आयआयटीत १९६९ साली आयडीसी निघाली. १९८४ पासून तिथं ह्या विषयाची मास्टरची पदवी आहे.

माझा धाकटा भाऊ कमर्शियल आर्ट शिकला. वस्तीतले बॅनर रंगवत वाढला. आता त्याला तिथली प्रवेशपरीक्षा द्यायचीय, सीड. मी मॅट्रिक, मला फॉर्मसुद्धा भरता येत नाही. त्याला येतो. तर आपलेच कार्यकर्ते त्याला म्हणाले, "शेटजीच्या बिस्किटपुड्याचे कागद रंगवायला चाललास काय?"

ऐका दोस्तांनो. १९२५ साली व्हिएन्नात ऑटो न्यूरथनं एक म्युझियम काढलं. घरं, रोग, मजुरी, सगळा हिशेब चित्रांत मांडला. कशासाठी? शाळा न बघितलेल्या कामगारालाही आपल्या शहराचा हिशेब कळावा म्हणून. १९३४ साली तिथं फॅसिस्टांनी कामगारांचं राज्य मोडलं, आणि न्यूरथला हॉलंडचा आसरा घ्यावा लागला. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरचा एमरी डग्लसही कमर्शियल आर्टच शिकला होता. बिस्किटाचे पुडे नाही रंगवले त्यानं. पँथरच्या पेपराचं रूप घडवलं. जुलमी पोलिसाला डुक्कर करून छापलं.

आणि आपण? आपल्या मोर्च्याचं पोस्टर बघा. नेत्यांचे अकरा फोटो, आणि मागणी तळाला, मुंगीएवढी. च्यायला, दहा फुटांवरनं वाचता येत नाही! ही विद्या नको म्हणणाऱ्यांनी आधी ते पोस्टर घरी लावून बघावं.

आता दुसऱ्या बाजूचं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन जोडप्यानं आपल्या सरकारला अहवाल दिला. त्यातून १९६१ साली अहमदाबादची एनआयडी निघाली. अहवालात लोट्याची मोठी तारीफ आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवलेली वस्तू म्हणे. खरंय. पण त्या लोट्यातलं पाणी कुणाच्या ओंजळीत वरून ओतायचे, ते त्या तारिफेत नाही. आपला माणूस तिथं बसला असता तर पहिला प्रश्न तोच आला असता.

म्हणून जायचं. मागे कुठल्याशा कॉलेजची पोरं वह्या घेऊन गोदीत आली. आम्हाला 'युजर' म्हणाली. आम्ही चहाच्या सुट्टीत उभं राहून सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मार्क त्यांना पडले, बोजा आमच्याच पाठीवर राहिला. ज्याच्यासाठी घडवायचं तो नमुना, घडवणारा दुसराच – किती दिवस चालवून घ्यायचं हे?

सीडचा पेपर इंग्रजीत असतो. ही भिंत आहेच. इंग्रजी येत नाही म्हणून हात थिजतो काय? ती भिंत पाडायची मागणीही आपणच करायची. पण तोवर थांबायचं नाही. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसऱ्या भागात हातानं चित्र काढावं लागतं. वयाची अट नाही. शंभरातल्या १५ जागा अनुसूचित जातींच्या, साडेसात जमातींच्या. त्या कुणी दान दिलेल्या नाहीत. 'ते आपलं नव्हं' म्हणत त्या सोडणार असाल, तर मनुवाद्यांना वेगळं काही करायची गरजच उरत नाही.

धाकट्या, बस परीक्षेला. फी मी भरतो, एक पाळी जास्त करीन. पण शिकलास की परत ये. आधी आपलं पोस्टर नीट कर, मागणी वर घे. मग पेटीवरचा आकडा नव्यानं काढ.

तो हातात धरतात कसा, ते मी दाखवतो.