‘पडशील गं!’ म्हणण्याआधी

माझ्या चुलत बहिणीची मुलगी जन्मापासून अंध आहे. वय वर्षं चौदा. पोरगी हुशार. ब्रेल भराभर वाचते, पेटी वाजवते, पायांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगते. पण तिच्या कानावर दिवसभरात सगळ्यात जास्त पडणारं वाक्य कोणतं, माहितीये? ‘एका जागी बस गं, पडशील!’

आई म्हणते, आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. अहो, मीसुद्धा कितीदा म्हटलंय. त्यात मायाच असते, दुसरं काही नाही. पण २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केरळात कोचीला अंध महिलांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. आपल्या भारताच्या मुलीही त्यात खेळल्या. त्यातले सामने मी मोबाइलवर पाहिले, आणि तेव्हापासून हे वाक्य माझ्या ओठांवर आलं की अडकतं.

तुम्ही म्हणाल, दिसत नाही तर फुटबॉल खेळणार कसा? मलाही हाच प्रश्न पडला होता. तर ऐका. एका संघात पाच जणी. गोलकीपर डोळस असते, बाकी चौघी अंध. एखादीला किंचित उजेड कळत असेल तर तिला फायदा नको, म्हणून चौघींच्याही डोळ्यांवर पट्टी. चेंडूच्या आत खुळखुळा असतो, तो घरंगळला की वाजतो. मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. दोन्ही लांब बाजूंना फळ्यांचं कुंपण, म्हणजे चेंडू बाहेर जात नाही. समोरच्या गोलच्या मागे आपल्या संघाची एक मार्गदर्शक उभी राहते आणि ओरडून दिशा सांगते. पेनल्टीच्या वेळी ती गोलच्या खांबांवर ठकठक करते, म्हणजे मधली जागा किती ते कानांना कळतं.

आणि प्रेक्षकांनी काय करायचं? गप्प बसायचं! गोल होईपर्यंत टाळी नाही, शिट्टी नाही. कारण आवाज हेच खेळाडूंचे डोळे.

मला सगळ्यात आवडलेला नियम पुढेच आहे. चेंडूकडे किंवा चेंडू असलेल्या खेळाडूकडे जाताना ‘वॉय’ असं मोठ्यानं म्हणावंच लागतं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘मी जाते’. आपल्याकडे बाई हातात गरम पातेलं घेऊन निघाली की ‘सरका, आले!’ म्हणते ना, तसंच. न बोलता गेलात तर फाऊल. म्हणजे बघा, इथे मुलीनं गप्प राहणं हीच चूक! आपल्याकडे बरोबर उलटं शिकवतात.

आता जरा हिशेब मांडूया. अंध पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९९८ साली ब्राझीलमध्ये झाली. महिलांची पहिली कधी? २०२३ साली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या मुलींनी जपानला हरवलं. मधे पंचवीस वर्षं गेली! पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ २००४ सालच्या अथेन्सपासून आहे. २०२४च्या पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारलेल्या मैदानात फ्रान्सनं अर्जेंटिनाला पेनल्टीवर हरवून सुवर्णपदक घेतलं, तेव्हा जगानं कौतुक केलं. करायलाच हवं. पण अथेन्सपासून पॅरिसपर्यंतच्या सहाही पॅरालिम्पिकमध्ये हे फुटबॉल फक्त पुरुषांचंच होतं.

असं का? पॅरालिम्पिकमध्ये खेळ घ्यायचा तर तो पुरेशा देशांत खेळला जात असावा लागतो. मग म्हणतात, ‘मुलींचे संघच कमी आहेत.’ संघ कमी का? मुली येत नाहीत म्हणून. मुली का येत नाहीत? पुढे मोठी स्पर्धा नाही, पदक नाही, नोकरी नाही, मग घरचे कशाला पाठवतील? कोंबडी आधी की अंडं, असा हा गुंता. कोचीच्या स्पर्धेचं मोल मला इथे वाटतं. एक मोठी स्पर्धा भरली की कुठल्या तरी घरात एका आईला सांगायला निमित्त मिळतं, ‘बघा, या मुली खेळल्याच ना?’

आपल्या राज्यात अंध मुलींचं शिक्षण नवीन नाही. ॲना मिलार्ड यांनी मुंबईत १९०० साली सुरू केलेली शाळा आज दादरला ‘कमला मेहता अंधशाळा’ म्हणून मुलींना शिकवते. म्हणजे वाचायला-लिहायला आपण शंभर वर्षांपूर्वी परवानगी दिली. गाण्याला, पेटीला तर केव्हाच. कारण हे सगळं बसून करता येतं! धावायची परवानगी मात्र अडली. खरं तर डोळस मुलीलाही वयात आली की आपण ‘आता उड्या पुरे’ म्हणतो. अंध मुलीला तेच दुप्पट.

पण दार उघडलं की काय होतं, तेही दिसलंय. बर्मिंगहॅमलाच २०२३ साली आपल्या अंध महिला क्रिकेट संघानं सुवर्णपदक मिळवलं. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषकही भारतानंच जिंकला. त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम आपल्या महाराष्ट्राची.

हे सगळं मी बहिणीला उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आणि पडली तर?’

या प्रश्नाला हसू नका. तिला रात्री दवाखान्यात धावावं लागतं, आपल्याला नाही. मी खोटं कशाला सांगू? या मुली पडतात, एकमेकींवर आदळतात. पण उठतातही. आणि एका जागी बसून राहिलेल्या मुलीचं काय मोडतं, ते एक्स-रेमध्ये दिसत नाही, एवढंच.

तिचा दुसरा प्रश्न जास्त खरा होता, ‘आपल्या गावात शिकवणार कोण?’ याचं उत्तर एकट्या आईनं शोधायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी वेगळं कलम आहे. दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावं, यासाठी पावलं उचलणं ही सरकारची जबाबदारी आहे. तेव्हा घरात, शेजारी अशी मुलगी असेल तर आधी तिचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा, ते पुढे सगळीकडे लागतं. मग शाळेत जाऊन विचारा, ‘खेळाच्या तासाला आमची मुलगी काय करते?’ ‘वर्गात बसते’ असं उत्तर आलं तर ‘का?’ हेही विचारा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्या. चार बायका मिळून गेल्या की अर्जाला वजन येतं, हे आपल्याला बचत गटानं शिकवलंच आहे.

आणि खुळखुळ्याचा चेंडू मिळेपर्यंत? साध्या चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी गच्च बांधा. घरंगळला की तो सळसळतो.

गेल्या रविवारी आम्ही अंगणातले दगड वेचले, सायकल बाजूला घेतली आणि असा चेंडू सोडला. पोरगी आधी जागीच उभी राहिली. मग कान टवकारले, ‘आले गं!’ म्हणून ओरडली आणि निघाली. तिसऱ्या खेपेला पडली. गुडघा खरचटला. बहीण ओट्यावरून उठली, मी तिचा हात धरून ठेवला. तेवढ्यात पोरीनं विचारलं, ‘चेंडू कुठे गेला?’

बहीण काही बोलली नाही. तिनं पायानं चेंडू तिच्याकडे ढकलला.