आधी वैरण, मग ससा

"काही लागत नाही हो त्याला. गाजर टाका, चपाती टाका, काहीही खातो."

हे वाक्य मी साताऱ्यात ऐकलंय आणि सांगलीतही ऐकलंय. दोन्ही ठिकाणी म्हणणाऱ्याचा आत्मविश्वास सारखाच होता. विकणाऱ्याला ससा खपवायचा असतो, घेणाऱ्याला पोराच्या वाढदिवसाचा केक कापायच्या आत घरी पोचायचं असतं. मध्ये पिंजऱ्यात दीड महिन्याचं पिल्लू अंग चोरून बसलेलं असतं, आणि त्याच्या पुढच्या आठ-दहा वर्षांच्या जेवणाचा निकाल दोन मिनिटांत लागतो. वाक्य सपशेल खोटं आहे. ससा काहीही खात नाही. त्याला काहीही घातलं तर तो मरतो.

विकणाऱ्यापेक्षा मला घेणाऱ्याचा राग जास्त येतो. कारण हा माणूस कोण आहे? याचा आजा माण-खटावात नाहीतर जत-आटपाडीत बैल घ्यायला निघायचा, तेव्हा आधी परड्यातलं बुचाड बघायचा. पेंड्या किती उरल्यात, सुगी किती लांब आहे, कडब्याला शेकडा काय भाव चाललाय, हे बोटांवर मोजल्याशिवाय तो पुसेगावच्या नाहीतर खरसुंडीच्या यात्रेची वाट धरत नसे. वैरण नसेल तर खोंड कितीही देखणं असो, दावणीला येत नसे. त्याच आज्याचा नातू आज रंगीत पिंजरा घेतो, पाण्याची बाटली घेतो, सशाच्या गळ्यात घालायला पट्टा घेतो. आणि गवत? गवताचं नाव काढलं की म्हणतो, "अहो, ससा आहे, म्हैस नाही!"

म्हैस नाही हे खरं. पण तो उंदीरही नाही आणि मांजरही नाही. पोटाचा विचार केला तर ससा घोड्याच्या जवळचा. रवंथ करत नाही. गवत आंबवायचं काम मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या एका मोठ्या पिशवीत चालतं. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो स्वतःच परत खातो, कारण जीवनसत्त्वं त्यात असतात. हे सगळं यंत्र चालतं गवताच्या लांब धाग्यावर. धागा थांबला की आतडं थांबतं. ससा दहा-बारा तास काही खात नसेल आणि लेंड्याही टाकत नसेल, तर ती धावपळ करायची वेळ असते. "उद्या बघू" म्हणायची नव्हे. त्याला उलटीही होत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. त्यात दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. ते झिजवायला गवताशिवाय दुसरी चांगली कानस नाही.

गेल्या उन्हाळ्यात मिरजेत एका ओळखीच्या घरी असा ससा मी मांडीवर घेतला. हनुवटी लाळेनं ओली होती. पाठीवरून हात फिरवला तर कणा बोटांना लागत होता. पिंजऱ्यात दोन गाजरं होती आणि मका, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत गोळ्या यांची वाटी. त्यातला मका त्यानं वेचून खाल्ला होता. चांगल्या सशाची लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी असते. फोडली की आत गवताचा भुगा दिसतो. याच्या लेंड्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या होत्या. मी अंगणातली मूठभर हरळी त्याच्यापुढे धरली. तो झेपावला, काडी तोंडात घेतली, दोनदा चावली आणि टाकून दिली. भूक होती, पण चावता येत नव्हतं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं: दाढांना टोकं येऊन ती जिभेला टोचत होती. घरातली माणसं रडली. त्यांचं प्रेम खरं होतं. पण त्या प्रेमाच्या पोटात गवताची एक काडी नव्हती.

आणि हे गाजर आलं कुठून? हॉलिवूडमधून. 1934 च्या 'इट हॅपन्ड वन नाइट' या चित्रपटात क्लार्क गेबल गाजर चावत बोलतो. 1940 पासून बग्ज बनी नावाचं कार्टून तीच लकब घेऊन पडद्यावर उभं राहिलं. एका नटाची नक्कल हा आमच्या पोरांचा प्राणिशास्त्राचा धडा झाला! गाजर म्हणजे साखर. आठवड्यातून बोटाच्या पेराएवढा तुकडा, यापुढे नाही. पाला मात्र खुशाल द्या. तेच बेदाण्याचं. सांगलीचा बेदाणा नामांकित आहे, पाहुण्याला वाटीभर द्या. सशाच्या आतड्यात तो आंबतो आणि गॅस धरतो. बिस्किट, पाव, चपाती, भात यांचाही हाच निकाल. कांदा आणि लसूण तर विषच.

आता हिशोब मांडू, कारण हा आळस हिशोबाच्या भीतीचा आहे. दोन किलोच्या सशाला सांडलवंड धरून रोज शंभर ग्रॅम वाळलं गवत लागतं. महिन्याला तीन किलो, वर्षाला छत्तीस किलो. दहा वर्षं जगला तर साडेतीन क्विंटलच्या थोडं वर. वर्षाचं जे गवत त्याला लागतं, ते गोठ्यातली गाय आठवड्याभरात संपवते. एवढीशी तर गोष्ट आहे! गवत चोवीस तास समोर हवं, मोजून-मापून नाही. त्याच्या जोडीला मूठभर ताजा पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, थोडी मेथी. गोळी पेंड दोन-तीन चमचे, तीही मका-बिया नसलेली. स्वच्छ पाणी. आणि दुकानातून आणताना एक प्रश्न विचाराच: हा आजवर काय खात होता? जुनं खाणं एका दिवसात बंद करू नका. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं बदला.

गवत कुठून आणायचं, असं मला सातारा जिल्ह्यातला माणूस विचारतो तेव्हा माझं डोकं फिरतं. पाटण-जावळीच्या उतारांवर दसरा-दिवाळीच्या सुमारास विळे चालतात ते कशासाठी? हिरवट राहिलेलं, गोडसर वासाचं, धूळ आणि बुरशी नसलेलं डोंगरी गवत मिळवा. मारवेल उत्तम, वाळवलेली हरळीही उत्तम. पोतं जमिनीला टेकवू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे बारा किलो. ते मे महिन्यातच घरात पाहिजे, कारण जुलैत मिळणारं गवत ओलं असतं आणि ओल्या गवताला बुरशी धरते. कडबा आणि गव्हाचं काड म्हणजे गवत नव्हे. धान्य काढून घेतल्यावर उरलेला तो सांगाडा आहे. अंथरायला ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही.

आपल्या मुलखातले सापळेही ओळखा. माळावरची कुसळी बी धरल्यावर सुईसारखी टोचते. तोंडात रुतते, डोळ्यात जाते. कोवळ्या ज्वारीनं किराळ लागून बैल मरतो, तिथे ससा किती टिकेल? उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, म्हणून शहाणा शेतकरी म्हशीलासुद्धा चुन्याची निवळी शिंपडून घालतो. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेतलं गवत दिसायला लुसलुशीत असतं, पण वेलीवरची प्रत्येक फवारणी त्याच्यावर उतरलेली असते. बांधावर तणनाशक मारलेलं असेल तर बोलायलाच नको. आणि गाजरगवत! 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा आढळलेलं हे तण आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माजलंय. नावात गाजर आहे आणि गवतही आहे. अन्न मात्र त्यात कणभर नाही. त्याला हातही लावू नका.

लसूणघासाबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे जाणकार म्हणवणारेही चुकतात. दुभत्या गाईला चांगला तो सशालाही चांगला, हे तर्कट अर्धवट आहे. वाढत्या पिल्लाला सहा-सात महिन्यांपर्यंत घास चालतो. मोठ्या सशाला तोच रोज घातला तर जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरतं, मूत्राशयात गाळ आणि खडे होतात. गाईचं शास्त्र सशाला लावू नका.

दुसऱ्या टोकाला आहेत आमचे उच्चभ्रू प्राणिप्रेमी. यांना अमेरिकेहून आलेलं टिमथी गवतच पाहिजे, तेही कुरिअरनं. टिमथी चांगलं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. थंड हवेत येणारं ते गवत आपल्याकडे सहज पिकत नाही, म्हणून महाग पडतं. माझं भांडण या लोकांच्या ढोंगाशी आहे. पहिला डबा कौतुकानं मागवतात, त्याचा फोटो काढतात, दुसऱ्या डब्याच्या वेळी किंमत टोचते आणि ससा परत चपातीवर येतो. एक महिना परदेशी आणि अकरा महिने उपाशी, याला लाड म्हणत नाहीत. आपल्या डोंगरावरचं स्वच्छ गवत बारा महिने देणारा माणूस यांच्यापेक्षा शंभर पटींनी मोठा प्राणिप्रेमी आहे.

वैरण आधी ठरवली नाही तर काय होतं, हे सातारा-सांगलीला मी सांगायला हवं? 2019 साली इस्लामपुरातून उघडकीला आलेलं कडकनाथ प्रकरण आठवा. शेतकऱ्यांकडे कोंबड्या आल्या, खाद्य दुसरा कुणीतरी पुरवणार होता. खाद्य यायचं थांबलं आणि पक्षी खुराड्यात उपाशी मेले. त्याच वर्षीच्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत माणसं आपली जनावरं घेऊन राहिली. घर सोडलं, पण दावण सोडली नाही. ती माणसं आपलीच. त्यांच्या रक्ताचा माणूस फ्लॅटमध्ये राहायला गेला की एका दोन किलोच्या जिवाची वैरण विसरतो, याची लाज वाटली पाहिजे.

ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेलं पिल्लू घरी आणणाऱ्यांनाही सांगतो: तो आपला रानससा आहे, पाळीव ससा नव्हे. जात वेगळी, खाणं वेगळं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्याला पाळणं गुन्हा आहे. जिथे सापडलं तिथेच राहू द्या. त्याची आई संध्याकाळी येते.

कायदा पाळीव सशाचाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा म्हणतो की मालकानं जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षं उलटून गेली, आकडा तोच. 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती बघायला मागा. पण पन्नास रुपयांच्या दंडानं कुणाची दानत बदलत नाही. ती घरातच बदलावी लागते.

म्हणून पोराचा हट्ट मोडू नका, त्याला कामाला लावा. ससा आणायच्या आधी महिनाभर घरात तीन किलो गवत आणून ठेवा. पोराला रोज सकाळी त्यातलं शंभर ग्रॅम काढायला सांगा, रिकाम्या टोपलीत भरायला सांगा, संध्याकाळी टोपली झाडायला सांगा. तीस दिवस त्यानं हे केलं तर तुमच्या घराला ससा मिळायला हरकत नाही. चौथ्या दिवशी कंटाळला, तर ते गवत शेजारच्या गोठ्यात देऊन टाका. ससा आणू नका.