घरकुल दिलें, पण ओल कोणीं निस्तरावी?

पाऊस ओसरला कीं परतवाड्याच्या भोंवतालच्या खेड्यांत जाऊन घरकुलांच्या भिंती पाहाव्या. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत छपाई फुगून तिचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यांत काळी बुरशी, आणि स्लॅबला खालून पाण्याचे डाग. त्याच खोलींत चूल, त्याच खोलींत अंथरूण, आणि त्याच भिंतीला पाठ लावून पोर अभ्यास करितें. तें पोर खोकत शाळेंत येतें, तेव्हां आम्हां मास्तर लोकांस घराची हकीकत न सांगतां कळते.

याचें कारण विचारलें तर शहाण्या लोकांचें उत्तर ठरलेलें असतें: "यांना नीट राहतां येत नाहीं!" शेतकरी कर्जांत बुडाला तर तो उधळ्या, पोर नापास झालें तर तें जात्याच मठ्ठ, आणि भिंतीला ओल आली तर घरची बाई घाणेरडी. वाचकहो, हा न्याय गरिबास नवा नाहीं. आतां ओल खरोखर येते कशी तें पाहूं.

दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वीट जमिनींतील पाणी वर ओढते. तें अडविण्यासाठीं भिंत चढविण्यापूर्वीं जोत्यावर पाणी न शोषणारा काँक्रीटचा थर द्यावा लागतो. तो चुकविला तर मागून कितीहि रंग फासा, ओल यावयाचीच. ओल्या भिंतीवर सिमेंटची छपाई केली तर आंतील पाणी वाळत नाहीं, उलट आणखी वर चढतें. दुसरें कारण आपली काळी जमीन. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर तिच्याबरोबर भिंतहि चिरते आणि पाण्याला वाट मिळते. तिसरें, स्लॅबला उतार नाहीं, खिडकीवर छज्जा नाहीं, चुलीची वाफ बाहेर जावयास झरोका नाहीं. यांत त्या बाईचा अपराध कोणता?

जुन्या कवेलूच्या घराला ओल येत नव्हती असें नाहीं. पण मृगापूर्वीं घरधनी स्वतः छपरावर चढून कवेलू फेरीत असे, बाई भिंती सारवीत असे. दुरुस्ती घरच्या हातची होती. स्लॅबला मिस्त्री पाहिजे, सिमेंट पाहिजे, रोकड पाहिजे. सरकारनें पक्क्या घराबरोबर पक्का खर्चहि दिला, मात्र त्या खर्चाची तजवीज केली नाहीं.

प्रधानमंत्री आवास योजनेंत २०१६ सालीं सपाट प्रदेशांतील ग्रामीण घरासाठीं १,२०,००० रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचें. राज्य सरकारनें २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली, हें चांगलेंच झालें. पण पैसा येतो तो बांधणीच्या टप्प्यांप्रमाणें. टप्प्याटप्प्यास फोटो काढतात, आणि शेवटचा फोटो निघाला कीं काम संपलें! फोटोंत नवी भिंत दिसते. तिसऱ्या पावसाळ्यांतील भिंत पाहावयास कोण येतो?

घर राखावेंहि लागतें, हें सरकारास ठाऊक नाहीं असें नव्हे. मुंबईच्या जुन्या इमारतींसाठीं १९६९ सालीं दुरुस्तीचा कायदा झाला, मंडळ नेमलें गेलें, उपकर बसला. हें शहाणपण मुंबईच्या वेशीबाहेर कां येऊं नये?

विलायतेंत रॉचडेल येथें २०२० च्या डिसेंबरांत दोन वर्षांचें एक मूल बुरशीच्या घरांत राहून श्वासाच्या विकारानें दगावलें. घर गरिबांस भाड्यानें घरें देणाऱ्या संस्थेचें होतें. बापानें तक्रार केली असतां संस्थेनें दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला. ती समजूत चूक होती, हें पुढें तिला कबूल करावें लागलें. तेथेंहि तेंच ठरलेलें उत्तर! पण तेथें लोक गप्प बसले नाहींत. २०२३ सालीं कायदा झाला. त्या मुलाच्या नांवावरून 'अवाबचा कायदा' म्हणतात ते नियम २०२५ च्या ऑक्टोबरांत अंमलांत आले: घातक ओलीची तक्रार आल्यास कामाच्या १० दिवसांत तपास, आणि तांतडीचा धोका असल्यास २४ तासांत बंदोबस्त. आपल्याकडे घरकुलाचा मालक लाभार्थीच असतो, तो भाडेकरू नव्हे, हें खरें. पण योजना सरकारची, तपासणी सरकारची, मग तपासणींत सुटलेल्या ओलीचा भुर्दंड मजुरानें एकट्यानें कां भरावा?

आमचें मागणें मोठें नाहीं. जोत्याच्या टप्प्याला अभियंत्यानें ओल अडविणारा थर डोळ्यांनीं पाहावा व तसें लिहून द्यावें. दोन पावसाळे गेल्यावर घराची पाहणी व्हावी आणि दुरुस्तीसाठीं एक हप्ता राखून ठेवावा. ग्रामपंचायतीनें ओलीच्या तक्रारींची वही ठेवून ती ग्रामसभेंत वाचावी.

बंधूंनो, तोंवर हातावर हात ठेवून बसूं नका. जोतें भरतांना स्वतः उभे राहा आणि मिस्त्रीस विचारा, थर दिला काय? पाया मुरमाला लागला काय? घर आपलें, पोरें आपलीं; विचारावयास लाज कसली?