चार गमतींचं खेळणं
लहान मूल नवं खेळणं उलटंपालटं करू लागलं की माझ्या तोंडून हमखास निघायचं, ‘असं नाही गं, दे इकडे, मी दाखवते.’ एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग वाचल्यापासून हे वाक्य गिळायला शिकते आहे. त्यांनी नळ्या जोडून एक खेळणं बनवलं. एक नळी ओढली की चींऽऽ असा आवाज, एकीत दडलेलं बटण दाबलं की दिवा, एका ठिकाणी सूर, आणि एका नळीत डोकावलं की आरसा. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना ‘हे असं चालतं, बघ हं’ म्हणत प्रयोग घेणाऱ्या बाईंनी फक्त आवाज करून दाखवला. काहींसमोर तोच आवाज जणू चुकून झाला आणि बाईच चकित झाल्या. शिकवलेली मुलं आवाजातच रमली, लवकर थांबली. बाकीची नळ्या धुंडाळत राहिली. यात मुलांचा मठ्ठपणा मुळीच नाही. जाणत्या माणसाने एकच गंमत दाखवली, म्हणजे आणखी काही नसणारच, हा त्यांचा हिशेब चोख आहे. मोठ्यांवरचा एवढा विश्वास पाहून मला भरून येतं. आणि खरी बोलकी गोष्ट पुढेच: आणखी काही मुलांना आवाज दाखवून लगेच, ‘मला आता जायला हवं’ म्हणत बाई अर्ध्यातून उठून गेल्या, तेव्हा ती मुलंही शोधाला लागली. धडा अपुरा राहिलाय, हे त्या चिमुरड्यांनी बरोबर ओळखलं होतं.