मोत्झार्टने दे जाँला खरोखर फसवले का? एका ओबो कॉन्चेर्टोची कथा

१/८
मोत्झार्टच्या दुसऱ्या फ्लूट कॉन्चेर्टोची कथा बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते. आळशी संगीतकाराने ओबोसाठी लिहिलेली जुनी रचना नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली, त्याच्या ते लक्षात आले आणि त्याने पैसे कापले. कथा चटकदार आहे. पत्रव्यवहार मात्र वेगळे सांगतो.

२/८
१ एप्रिल १७७७ रोजी बेर्गामोचा जुझेप्पे फेर्लेन्दिस साल्झबुर्गच्या दरबारात ओबोवादक म्हणून रुजू झाला. ओबो हे सनईप्रमाणे दुहेरी पात्याचे सुषिर वाद्य. २१ वर्षांच्या मोत्झार्टने त्याच्यासाठी सी मेजरमध्ये कॉन्चेर्टो रचला आणि त्याच सप्टेंबरात नव्या नोकरीच्या शोधात साल्झबुर्ग सोडले.

३/८
वाटेत मानहाइम लागले. तेथील वाद्यवृंदाचा युरोपभर लौकिक होता. त्यातील ओबोवादक फ्रीडरिश राम याला मोत्झार्टने ही रचना भेट दिली. रामने ती पाचव्यांदा वाजवली आणि शहरात तिची मोठी वाहवा होत आहे, असे मोत्झार्टने १४ फेब्रुवारी १७७८ रोजी वडिलांना कळवले.

४/८
याच शहरात फर्डिनांड दे जाँ भेटला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेला हा वैद्य हौशी फ्लूटवादक होता. छोटे, सोपे तीन कॉन्चेर्टो आणि काही क्वार्टेट यांसाठी त्याने २०० गुल्डेन देऊ केले. त्यांतला एक कॉन्चेर्टो म्हणजे ओबोचीच रचना, एक स्वर वर नेऊन डी मेजरमध्ये बसवलेली, असे मानले जाते.

५/८
दे जाँने प्रत्यक्षात दिले ९६ गुल्डेन. त्याचे कारण १४ फेब्रुवारीच्या त्याच पत्रात आहे : दोनच कॉन्चेर्टो आणि तीनच क्वार्टेट पूर्ण झाले होते. पैसे अपुऱ्या कामामुळे कापले गेले. जुनी रचना खपवल्याची तक्रार तेथे नाही. शिवाय जी रचना मानहाइममध्ये उघडपणे पाच वेळा वाजली, ती लपवून ठेवण्याचा बेत होता असे म्हणणे अवघड आहे.

६/८
तरी दे जाँची बाजू अगदीच लंगडी नव्हे. नव्या संगीताचे मोल ठरवून जुने हाती पडणे कोणालाही रुचणार नाही. पण अठराव्या शतकात एका वाद्याची रचना दुसऱ्यासाठी बेतून देणे हा संगीतकारांच्या व्यवसायाचाच भाग होता. तेथे ‘फसवणूक’ हा शब्द वापरणे म्हणजे आजचे मापदंड मागच्या काळावर लादणे होय.

७/८
पुढे ओबोची मूळ रचनाच दृष्टिआड झाली. १७८३ मध्ये व्हिएन्नाहून मोत्झार्टला तिची प्रत वडिलांकडे मागावी लागली. एस्तरहाझी दरबारातील ओबोवादक तिच्यासाठी तीन डुकाट द्यायला तयार होता. नंतर शतकभराहून अधिक काळ जगाला केवळ फ्लूटची आवृत्ती ठाऊक होती. १९२० मध्ये बर्नहार्ड पाउमगार्टनर यांना साल्झबुर्गच्या मोत्सार्टेउममध्ये वादकांसाठी उतरवलेल्या स्वतंत्र स्वरलिपी सापडल्या. फ्लूटचा कॉन्चेर्टो परिचयाचा असल्यामुळेच त्यांचे महत्त्व ओळखता आले. स्वरांतही खूण होती. डी मेजरच्या आवृत्तीत व्हायोलिन आपल्या सर्वांत खालच्या स्वरापर्यंत कधीच उतरत नाहीत. सी मेजरमध्ये तो स्वर नेमका येतो. म्हणजे फ्लूटचे संगीत एक स्वर वर उचललेले होते.

८/८
आज दोन्ही आवृत्त्यांना क्योशेलच्या सूचीतील ३१४ हाच क्रमांक आहे. ओबोच्या रचनेचे मोत्झार्टच्या हस्ताक्षरातील पूर्ण हस्तलिखित उपलब्ध नाही. उरले आहेत ते जेमतेम नऊ मापांचे टिपण. रचना टिकली ती नकलनविसांच्या प्रतींमुळे, आणि ओळखू आली ती ज्या रूपांतराला आळस म्हणून हिणवले जाते त्याच्यामुळे. संगीताच्या इतिहासात ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ यांची प्रतवारी लावताना या कॉन्चेर्टोचे उदाहरण समोर असावे. येथे नक्कल नसती, तर मूळ ओळखणार तरी कशावरून?