कौटुंबिक न्यायालयाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले खटले, तारखांवर पडणाऱ्या तारखा आणि वकिलाच्या घरी गेलेला घामाचा पैसा ज्यांनी पाहिला, त्यांच्या अनुभवातून ती जन्माला आली. परंतु इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांत मोडलेल्या संसाराच्या संदर्भात हीच म्हण उच्चारली जाते, तेव्हा तिचा अर्थ पालटतो. दुर्बळ पक्षाने, म्हणजे बहुधा पत्नीने, मुकाट्याने सोसत राहावे, अशी ती आज्ञा ठरते. या आज्ञेविरुद्ध चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी कायद्याचा पदवीधर नाही. वैद्यक हा माझा व्यवसाय. तथापि मोडलेला संसार न्यायालयात पोहोचण्यापूर्वी पुष्कळदा डॉक्टरकडे पोहोचतो. न थांबणारी डोकेदुखी, निद्रानाश, छातीतील धडधड, आटलेली भूक अशा तक्रारी घेऊन एखादी भगिनी येते. सर्व तपासण्या निर्दोष निघतात. तिला इंग्रजी येत नाही असे सांगून नवरा किंवा सासू शेजारी बसते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तीच देते. अशा वेळी डॉक्टरने बाहेरचा दुभाषा मागवावा आणि रुग्णाशी एकांतात बोलावे, हा साधा नियम आहे. तो पाळला की डोकेदुखीचे कारण बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच कळते. त्यानंतरचा तिचा प्रश्न मात्र औषधाचा नसतो. "मला घर सोडावे लागले तर माझी मुले माझ्याजवळ राहतील का? मला भारतात परत पाठवतील का?" हा तिचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या लोकांत घटस्फोटाची एवढी लाज कोठून आली, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी काडीमोड होती, पाट लावण्याची रीत होती. न पटणारा संसार पंचांसमोर मोडून स्त्री पुन्हा उभी राहू शकत असे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत परमपूज्य बाबासाहेबांनी हेच निदर्शनास आणून दिले होते, की ज्यांना शूद्र म्हटले जाते त्या बहुसंख्य समाजात घटस्फोट रूढीने चालतच आला आहे. विवाह म्हणजे जन्मोजन्मीचे अतूट बंधन ही कल्पना आपली नव्हे. शिकलो, पुढे आलो, तेव्हा आपण ती वरच्या जातींकडून उचलली. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिलाची झालेली वाताहत हे एक प्रमुख कारण होते. आणि त्या बिलात स्त्रीला घटस्फोटाचा हक्क होता. त्यांच्या प्रतिमेला दरवर्षी हार घालणाऱ्या घरात घटस्फोटित मुलीचे नाव दबक्या आवाजात घेतले जावे, ही विसंगती आपल्याला खटकली पाहिजे.

आता येथील कायद्याकडे वळू. जे लिहितो आहे ते इंग्लंड व वेल्सपुरते आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील कायदा निराळा आहे. ६ एप्रिल २०२२ पासून येथे दोषारोपाविना घटस्फोट मिळतो. पूर्वी व्यभिचार, असह्य वर्तन किंवा काही वर्षांचा विभक्तवास सिद्ध करावा लागे. आता संसार कायमचा मोडला आहे एवढे निवेदन पुरेसे असते. अर्ज एकट्याने करता येतो, दोघांनी मिळूनही करता येतो. विवाहाला एक वर्ष पूर्ण झालेले असले पाहिजे आणि वास्तव्याच्या वा अधिवासाच्या अटीही आहेत. विवाह भारतात रीतसर झालेला असला तरी घटस्फोट येथे मागता येतो. दुसऱ्या पक्षाला केवळ 'मला मान्य नाही' म्हणून तो अडवता येत नाही. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो आणि त्यानंतर ६ आठवड्यांनी अंतिम आदेश. न्यायालयाचे शुल्क सुमारे ६०० पौंड असून अल्प उत्पन्न असणाऱ्यास त्यात सवलत मिळू शकते. बहुसंख्य प्रकरणांत कोणाला न्यायाधीशासमोर उभेही राहावे लागत नाही.

परंतु घटस्फोटाचा आदेश मिळाला म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला असे नाही, आणि येथेच आपले लोक फसतात. घर, बचत, निवृत्तिवेतन व पोटगी यांविषयी स्वतंत्र आदेश घ्यावा लागतो. दोघांत समझोता झाला असेल तरी त्यावर न्यायालयाची मोहोर हवी. नाहीतर वर्षांनंतरही दावा उभा राहू शकतो. उलटपक्षी, असा अर्ज करण्यापूर्वीच ज्याने पुनर्विवाह केला, त्याचा आर्थिक हक्क बहुतांशी बुडतो. घर केवळ नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून पत्नीचा त्यावर हक्क नाही, ही समजूत चुकीची आहे. १९७३ च्या कायद्यानुसार न्यायालय प्रथम अज्ञान मुलांच्या हिताचा विचार करते आणि घर सांभाळणे, मुले वाढवणे हेही संसारातील योगदान मानते. दोन्ही पक्षांना आपली सर्व मालमत्ता उघड करावी लागते. नागपूरचा फ्लॅट आणि गावाकडचा प्लॉट हेही त्यात येतात. माझ्या व्यवसायबंधूंना हेही सांगावेसे वाटते, की आरोग्यसेवेतील आपले निवृत्तिवेतन ही पुष्कळदा घराच्या खालोखालची संपत्ती असते आणि तिची वाटणी होऊ शकते.

मुलांच्या बाबतीत १९८९ च्या कायद्याचे सूत्र एकच आहे: मुलाचे हित सर्वोपरी. मूल कोणाजवळ राहील आणि दुसऱ्या पालकाला केव्हा भेटेल, हे न्यायालय या एका कसोटीवर ठरवते. कोण किती कमावते हा त्यात गौण मुद्दा होय. अर्ज करण्यापूर्वी सामान्यतः मध्यस्थीविषयीच्या बैठकीस जावे लागते. घरात हिंसाचार असेल तर तीतून सूट मिळते. मुलांना भेटू न दिल्या गेलेल्या बापांनाही हाच दरवाजा खुला आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र रागाच्या भरात मुलांना घेऊन विमानात बसणे हा मार्ग नव्हे. पालकत्वाची जबाबदारी असणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीविना किंवा न्यायालयाच्या परवानगीविना मुलाला देशाबाहेर नेणे हा येथे गुन्हा ठरू शकतो. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. म्हणून मुंबईत उतरवलेले मूल परत आणणे हे दीर्घ आणि जीवघेणे काम होऊन बसते. असा धोका दिसताच विमान सुटण्यापूर्वी न्यायालय गाठले पाहिजे.

भारताशी असलेला दुवा हा आपल्यापुरता सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. आपल्याला आवडो वा न आवडो, १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या पक्षाच्या संमतीविना किंवा स्वेच्छेच्या सहभागाविना मिळवलेला परदेशी घटस्फोट भारतात बंधनकारक नाही. 'संसार कायमचा मोडला' हे कारण त्या कायद्यात नाही. म्हणजे येथे एकट्याने मिळवलेल्या घटस्फोटाने माणूस लंडनमध्ये मोकळा आणि नागपुरात विवाहित, अशा त्रिशंकू अवस्थेत राहू शकतो. त्यावर उपाय दोन: येथील कामकाजात दोघांनीही संमतीने भाग घ्यावा, किंवा भारतात कलम १३ ब खाली परस्परसंमतीचा घटस्फोट घ्यावा. भारतात पुनर्विवाह करण्याचा विचार असेल तर हा सल्ला आधी घ्यावा.

याच्या उलट बाजूही आहे. सुट्टीच्या निमित्ताने पत्नीला माहेरी सोडायचे, तिचे पारपत्र काढून घ्यायचे आणि तिला न कळवता भारतात घटस्फोटाचा अर्ज लावायचा, असे प्रकार घडतात. येथील कौटुंबिक न्यायालये पत्नीला असे परदेशी टाकून देणे हा कौटुंबिक अत्याचाराचाच प्रकार मानतात. तिला योग्य नोटीस व बाजू मांडण्याची संधी मिळाली नसेल तर असा परदेशी घटस्फोट मान्य करण्यास येथील न्यायालय नकार देऊ शकते. आणि तो मान्य झाला तरी १९८४ च्या कायद्याखाली, न्यायालयाच्या परवानगीने, येथील मालमत्तेतून आर्थिक हिस्सा मागता येतो.

अत्याचार होत असेल तर घटस्फोटाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्रास देण्यास मनाई करणारा आदेश न्यायालय तातडीने, प्रसंगी दुसऱ्या पक्षाला पूर्वसूचना न देताही देते. त्यासाठी शुल्क नाही आणि त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा आहे. पैसा, फोन आणि येणे-जाणे यांवर ताबा ठेवून माणसाला दावणीला बांधणे हाही २०१५ पासून गुन्हा आहे. ब्रिटिश नागरिकाच्या किंवा येथे स्थायिक व्यक्तीच्या पत्नीचा व्हिसा असेल, तर अत्याचाराच्या पुराव्यावर तिला स्वतंत्रपणे कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. 'तुला परत पाठवीन' ही धमकी तिच्याबाबत पोकळ आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या पत्नींना मिळणारे संरक्षण तोकडे आहे, म्हणून त्यांनी विलंब न करता तज्ज्ञ सल्ला घ्यावा. २०१३ पासून कौटुंबिक दाव्यांतील सरकारी कायदेसाहाय्य बहुतांशी बंद झाले. परंतु अत्याचाराचा पुरावा असणाऱ्या व उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना ते मिळते. डॉक्टरचे पत्र हा त्यातला एक मान्य पुरावा आहे आणि सरकारी सेवेतील कुटुंब-डॉक्टरांनी त्याबद्दल पैसे घेऊ नयेत, अशी तरतूद २०२१ च्या कायद्याने केली आहे. ०८०८ २००० २४७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

काही ज्येष्ठ म्हणतील, डॉक्टर, आपण घरे मोडायला निघालात. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. रुसवे-फुगवे, सासर-माहेरचे मान-अपमान हे चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवावेत, यात मुळीच दुमत नाही. परंतु जेथे हात उगारला गेला आहे, तेथे मारणारा आणि मार खाणारी यांना एका सोफ्यावर बसवून 'दोघांनीही थोडे जमवून घ्या' म्हणणे हा समेट नव्हे. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांत पत्नीचा मान राखणे हे पहिले आहे. शिवाय हेही लक्षात असू द्यावे, की दिवाणखान्यातील पंचांनी केलेल्या फारकतीला या देशात कायद्याची किंमत शून्य आहे. येथे घटस्फोट देण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला आहे. विवाहाचेही तसेच. नोंदणीविना केवळ विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन येथे झालेला मंगल परिणय कायद्याच्या दृष्टीने विवाहच ठरत नाही आणि तो मोडला तर पत्नीला पत्नी म्हणून काहीच मागता येत नाही.

म्हणून आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली, नोंदणीचा दाखला पाहिल्याविना कोणताही मंगल परिणय लावू नये. दुसरी, वर्षातून एकदा कौटुंबिक कायद्याच्या जाणकार सॉलिसिटरचे मराठीतून समजावून दिलेले व्याख्यान ठेवावे, आणि त्यास स्त्री-पुरुष दोघांनीही यावे. तिसरी, नातेवाईक नसलेल्या दोन-तीन विश्वासू भगिनींनी, एखादी स्त्री न्यायालयात किंवा सॉलिसिटरकडे निघाली, तर तिच्याबरोबर जाण्याची तयारी ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. जयंतीच्या भोजनखर्चाचा एक लहानसा अंशही पुरेल.

बाबासाहेब याच लंडनमध्ये ग्रेज इनचे बॅरिस्टर झाले. ज्यांच्या नेत्याने कायदा शिकून कायदा घडवला, त्यांनी कोर्टाच्या पायरीला भिण्याचे कारण नाही. ती पायरी कोणावर चढण्याची वेळ येऊ नये, अशी मंगल कामना जरूर करावी. पण ज्या भगिनीवर ती वेळ आली तिला एकटीने चढावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

जयभीम!